उन्हात वाळवलेले रॉड

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माह्यासारखा वेल्डर नाई. हे मीच सांगतो. ज्या माणसानं माह्यी वेल्डिंग वाकवून पाह्यली, तो वेगळंच सांगते. तो माणूस म्हनजे आमच्या कारखानदार असोसिएशनचे सेक्रेटरी साहेब. इतका वैताग देनारा भला माणूस देवानं एकच बनवला असन. दुसरा बनवायची देवाची हिंमत झाली नसन.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तवा असोसिएशनचे अर्धे मेंबर तिकडं गेले. खुर्च्या बी तिकडंच गेल्या, इकडं राह्यला एक टेबल आन साहेब. सोताचा नट-बोल्टचा लहानसा कारखाना सोडून हा माणूस लूनावर शेड-शेड फिरे. मालकाले नमस्कार-चमत्कार काई नाई, सीधा सवाल, "या महिन्यात तुह्या शेडमधी कोन काय शिकला?" एक मालक तं लूनाचा आवाज आला का संडासात जाऊन बसे. साहेब बाहेर खुर्ची टाकून बसत. मालक आतूनच वरडे, "साहेब, शिकवला का माणूस नागपूरले पळते, मंग मी काय करू?" साहेब दाराले तोंड लावून म्हनत, "पळू दे ना! तिकडं विचारतीन, कोठी शिकला? तो भंडाराच सांगन ना बे!" शेवटी रविवारी मशीन द्यायले कबूल झाल्यावरच त्या मालकाले बाहेर येता आलं. अशा मांगून आनलेल्या मशीनीवर असोसिएशनच्या खोलीत साहेबाचा रविवारचा वर्ग चाले.

लग्नात बी ह्या माणसाले चैन नाई. माह्या साळ्याच्या पोरीचं लग्न होतं. नवरदेव दाराशी उभा, बाया ओवाळून राह्यल्या, आन साहेब मंडपाच्या लोखंडी खांबावर चावी ठोकून आवाज आयकून राह्यले. मंग भर मंडपात म्हनाले, "हा जोड कोनं मारला? याच्याखाली लेकरं नोका बसवू." जोड मीच मारला होता. साळ्यानं पंगत दुसरीकडं हलवली आन माह्याकडं असं पाह्यलं का मी जेवलोच नाई. म्हनजे जेवलो, पन लपून.

तवा मी त्याइच्या वर्गाले हसत होतो. वीस वर्स वेल्डिंगचा होल्डर धरला, मले काय शिकवतीन! पन ज्या मोठ्या कारखान्यात दर वर्षी मशीनी बंद ठेवून दुरुस्ती निघे, तिथं नियम आला: असोसिएशनच्या परीक्षेत पास होईन, त्यालेच गेटपास. माह्या घरची चूल त्याच कामावर पेटे. मी लगेच साहेबाकडं गेलो. म्हनलं, "साहेब, तुमी मले वळखता. सही मारून द्या ना."

"वळखतो म्हनूनच मारत नाई."

परीक्षा अशी का, दोन लोखंडी पट्ट्या जोडायच्या आन तो जोड दाबून वाकवायचा. वाकला तं पास, फाटला तं नापास. दहा जनाइसमोर माहा जोड फाटला. आतमधी भोकंच भोकं, तव्यावर टाकलेल्या तांदळाच्या आयत्यावर पडते तशी. साहेबानं चष्मा वर केला. "वेल्डिंगचे रॉड कोठी ठेवतोस?"

मी छाती फुगवून सांगतलं, "सरदलेले रॉड मी वापरतच नाई साहेब! बायको खाटेवर पापड वाळू घालते, तिच्या बाजूलेच मी रॉड वाळू घालतो. भंडाऱ्याचं ऊन हाये, दगड भाजन!"

साहेबानं चष्मा खाली घेतला. मंग म्हनाले, "आन पापडानं काय जोडतोस?"

दहाच्या दहा जन जमिनीवर लोळले. मंग साहेबानं समजावलं का रॉडमधली ओल उन्हानं जात नाई, त्याले भट्टीच लागते; नाई तं तीच ओल जोडात उकळते आन भोकं पाडते. घरी येऊन बायकोले सांगतलं तं ती म्हने, "तरीच! माह्या पापडाले लोखंडाचा वास कायचा येते!"

मंग काय, केस पिकलेला मी दर रविवारी वर्गात पुढं बसू लागलो. रॉड भाजायची भट्टी नव्हती, तं साहेबानं मालकाइच्या दारी धरनं धरून आनली. तिच्यावरचे गरमीचे आकडे मले वाचता येत नाई. हे मी कोनाले सांगतलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी पाहतो तं काट्यापाशी नखपालिशची लाल रेघ! सुनेची बाटली उचलून आनली होती म्हातार्‍यानं. माह्याकडं न पाहताच म्हनाले, "आजकाल मले चष्म्यातून दिसत नाई. काटा रेघेवर आला का सांगत जाय."

दुसऱ्या खेपेले जोड वाकला, पन फाटला नाई. साहेबानं सही मारली. शाबासकी नाई, काई नाई. वर्गाची किल्ली हातावर ठेवली आन म्हनाले, "पुढच्या रविवारपासून तू शिकव."

दोन वर्सानं साहेबाचे गुडघे गेले म्हनून पोरानं त्याइले रायपूरले न्यायचं ठरवलं. वरठीच्या स्टेशनवर मी पोचवायले गेलो. गाडी यायची होती. लूना इकली होती, आन लूनाबिगर साहेब लहान दिसून राह्यले होते. मी बाहीनं डोळे पुसले. म्हनलं, "साहेब, तुमी नसता तं गेटच्या आत पाय पडला नसता माहा. आता आमाले कोन तरास देईन?"

साहेबानं घड्याळ पाह्यलं.

"रविवार हाये ना बे आज? बारा लोकं कुलपासमोर उभे असतीन, आन मास्तर इथं रडून राह्यला. निघ!"