जामीनदार नको म्हटल्यावर

सरकारी शैक्षणिक कर्जाचे नियम बदललेत, आता जामीनदार लागत नाही. हे पालकांना सांगायला आज आमच्या कॉलेजात बैठक घेतली. बोलायचं काम माझ्याकडं.

कन्नड तालुक्यातून आलेली एक मुलगी, जामीनदार सोबत आणायच्या रिवाजाप्रमाणं, वडलांसोबत मामालाही घेऊन आलेली. इस्त्रीच्या कपड्यातले मामा पहिल्या रांगेत.

"जामीन नाय, मग बँक कुणाकडं बघून पैसे देणार?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या भाचीकडं बघून," मी म्हणाले.

मामांनी वळून भाचीकडं बघितलं. भाची हळूच बोलली, "मॅडम, मग मी कॉम्प्युटरला जाऊ का? मामा फक्त फार्मसीसाठीच जामीन राहणार होते."

आम्ही सगळे नियम पाठ करून बसलो होतो. हा प्रश्न कुणाच्या ध्यानातच आला नव्हता.

तुम्ही काय शिकायचं, ते कुणी ठरवलं होतं?