मागचा उजवा शॉकअप

शर्यतींच्या त्या मैदानावर तिला सगळेच वहिनी म्हणत, तिच्याहून वयाने मोठे मेकॅनिकसुद्धा. गाडी चालवणारा धाकटा दीर तिला तशी हाक मारायचा, तीच सगळ्यांच्या तोंडी बसली. एरवी ती एका गॅरेजात मोटरसायकलींचे नि मालवाहू गाड्यांचे शॉकअप उघडून तेल आणि सील बदलायची. शर्यतीच्या दिवशी मात्र हाताखाली एकच चारचाकी गाडी. ही खरोखरच डोळ्यांत तेल घालून काम करते, रात्री चोळून काढावं लागतं, असं नवरा चेष्टेनं म्हणायचा.

चेष्टा मागच्या मोसमापर्यंतची. तेव्हा गाडी तो चालवायचा. याच मातीच्या ट्रॅकवर, दुसऱ्या वळणात ती उलटली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठला. कुणी ट्रॅकला दोष दिला, कुणी टायरला. तिला कुणी काही म्हटलं नाही. पण शॉकअप तिने लावले होते. त्या दिवसाबद्दल तिने त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून विषय काढला नाही. दोघं वळसा घालून जायला शिकले होते.

आज सकाळी टँकरने पाणी मारलेली माती दुपारपर्यंत वाळली होती. गाड्या फिरून फिरून दुसऱ्या वळणात खड्ड्यांची रांगच पडली होती. पहिली शर्यत संपवून धाकटा आला, तो हेल्मेट काढतानाच कुरकुरत. गाडी वळणात फार झुकतेय, मागचा उजवा शॉकअप कडक करा, म्हणाला.

"दादा चालवायचा ना वहिनी, अगदी तसा."

ती चाकापाशी गुडघे टेकून बसली, शॉकअपच्या टोकाचं बटण चिमटीत धरलं आणि तशीच थांबली. शॉकअप दबतो आणि परत उघडतो. बटण आवळून उघडण्याला जितका अडसर घालावा तितकी गाडी वळणात चापून बसते आणि चालवणाऱ्याला भरवसा येतो. मागच्या मोसमात नवऱ्याने हेच मागितलं होतं आणि तिने दिलं होतं. शेवटची शर्यत सुरू व्हायला फार वेळ नव्हता. ती उठली.

नवरा कुंपणाशी खुर्ची टाकून बसला होता, दुसऱ्या वळणाकडे पाठ करून. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"अहो, त्या दिवशी गाडी उलटायच्या आधी तुम्हाला काय जाणवलं?"

त्याने हातातली काठी मातीत रोवली. मग म्हणाला, "पहिला खड्डा गाडीने गिळला. दुसराही, पण जरा हादरा बसला. तिसऱ्याला खाली काही उरलंच नव्हतं. लोखंडावर लोखंड आपटलं आणि मागची बाजू उडाली."

तिला लख्ख कळलं. शॉकअप इतका आवळलेला होता की दोन खड्ड्यांच्या मधे त्याला उघडायला वेळच मिळाला नाही. दर खड्ड्याला तो आणखी दबत गेला आणि तिसऱ्याला दबायला जागाच राहिली नाही.

तिने परत येऊन बटण उलट्या दिशेने फिरवून शॉकअप सैल केला आणि धाकट्याला तसं तोंडावर सांगितलं. तो भडकला. गाडी वळणात आणखी झुकेल, मागचे सगळे पुढे जातील, म्हणाला.

"जातील," ती म्हणाली. "तुमच्या दादांनी मागितलं तसं मी दिलं. तुम्हाला देणार नाही, भाऊजी. पटत नसेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा. बटण फिरवायला अक्कल लागत नाही."

त्याने कुंपणाकडे, भावाकडे पाहिलं. भाऊ खुर्ची फिरवून आता वळणाकडे तोंड करून बसला होता. धाकट्याने हेल्मेट चढवलं.

झेंडा पडला आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. वळणात गाडी झुकली, दोघं त्याला मागे टाकून गेले. तो कितवा आहे हे बघणं तिने सोडलं. ती फक्त ते एक चाक बघत होती. शर्यत अर्ध्यावर आली तशी खड्ड्यांची रांग खोल झाली. पुढच्या एका गाडीने तिथे उडी घेतली आणि ती फिरून वाळूच्या पोत्यांत घुसली. चालवणारा हात हलवत बाहेर आला. मागोमाग धाकटा. त्याच्या गाडीची मागची बाजू उचलली गेली. चाक खाली आलं, माती धरली, पुन्हा उठलं, पुन्हा खाली आलं. प्रत्येक फेरीला तिचा जीव टांगणीला लागला.

तो चौथा आला. उतरला तोच तोंड पाडून. सामान आवरताना मात्र पुटपुटला, "त्या खड्ड्यांत स्टिअरिंगवरून हात सुटेल असं एकदाही वाटलं नाही."

ती नवऱ्याजवळ गेली. चूक माझीच होती, एवढंच म्हणणार होती. तो आधी बोलला.

"मला ठाऊक होतं. इस्पितळातच लक्षात आलं. पण मागितलं मी होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शॉकअपला पुन्हा हात लावला नसतास."

तिला राग आला, खरोखरचा. इतके महिने एकटीने जीव जाळला, आणि याला ठाऊक होतं. घरी जाईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तो मागचा उजवा शॉकअप गॅरेजातल्या टेबलावर उघडला आणि नवऱ्याला बोलावून घेतलं. अपघातानंतर तो पहिल्यांदाच तिथे आला. राग पुरता गेला नव्हता. तिने त्याच्यापुढे स्टूल सरकवलं, शॉकअपचा दांडा टेबलाच्या शिकंजात आवळला आणि म्हणाली, "बसा. आता पहिल्यापासून सगळं सांगा."