वाली नसलेलं मॉड्यूल
"मग ह्याला आता कुणी वालीच न्हाय व्हय?" शेंगा चटणीचा घास तोंडात ठेवूनच माझ्यामागून कुणीतरी विचारलं आणि माझे कान तापले. पर्ल ही संगणकभाषा वापरणारे आम्ही दहा-बारा जण रविवारी शुक्रवार पेठेतल्या एका कम्प्युटर क्लासात जमलो होतो. प्रोजेक्टरवरून भिंतीवर मराठी नावं अकारविल्हे लावणारं एक मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार भाग, दिसत होतं, कुणीही फुकट वापरावं असं. मूळ लेखकाने ते सोडून दिलं होतं, आणि नवा सांभाळणारा मिळाला नाही तर ते तसंच बंद पडणार होतं. त्यातल्या शेवटच्या दुरुस्त्या टोपणनावाने मीच पाठवल्या होत्या. माझ्याच ओळी भिंतीवर एवढ्या मोठ्या झाल्या होत्या आणि खोलीत कुणालाच ते माहीत नव्हतं. "लई किचकट हाय, कोण घेतंय गळ्यात?" म्हणत क्लासचे सर पुढच्या विषयाकडे वळले. मी मनात इंग्रजीत एक नीटस वाक्य जुळवत होते. आजही शेंगा चटणीचा डबा उघडला की ती खोली जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. मी उभी राहिले, ते वाक्य कुठच्या कुठे गेलं, आणि सगळी खोली वळून बघेल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "सर, थांबा की! मला द्या ते. मी सांभाळते."