बिनमिठाचं ताट

कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर, लेस्टेर गावाच्या किनाऱ्याला गॉडफ्रीचं हॉटेल आहे. पाच टेबलं, वर पत्रा आणि समोर समुद्र. सुट्टीवर आलेले लोक येतात, खुर्च्या समुद्राकडे वळवतात आणि त्याचे फोटो काढत बसतात. जेवण आलं की मात्र खुर्च्या आपोआप टेबलाकडे वळतात, आणि मग समुद्राकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हे सगळं आयोनीमुळे होतं. गॉडफ्रीला वाटतं त्याच्यामुळे होतं, आणि पाटीवर नाव त्याचं असल्यामुळे त्याला कुणी दुखवत नाही.

आयोनीला सारं गाव टँटी म्हणतं, म्हणजे मावशी. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटक, तोंडानं फाटकी. मक्याच्या पिठाचं कूकू घोटावं ते तिनंच. उकळत्या नारळाच्या दुधात भेंडी पडते, पीठ पडतं, आणि मग लाकडी दांड्यानं ती ते असं घोटते की गॉडफ्रीची बायको म्हणते, टँटीचा कुणावर तरी राग आहे. घोटून झालं की लोणी चोपडलेल्या तुंब्यात त्याचा गोळा फिरवायचा. तो गुळगुळीत होऊन ताटात बसला की शेजारी लॅम्बीचं कालवण, म्हणजे मोठ्या शंखातल्या मांसाचं, आणि अळूची भाजी. तीस वर्षं ती हेच रांधते आहे आणि तीस वर्षांत तिनं एकदाही चव घेऊन पाहिलेलं नाही. चव घेऊन रांधणाऱ्या बाईला ती स्वयंपाकीण मानतच नाही. "हाताला कळत नसेल तर जिभेला काय कळणार?" असं विचारते, आणि उत्तराची वाट बघत नाही.

वाट ती दुसऱ्याची बघते. एकोणीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तिचा नवरा ऑल्विन शिडाच्या जहाजावरून सेंट मार्टिनला माल आणायला गेला. बरोबर गावचेच तिघे होते. "शनिवारी येतो," म्हणाला. तो शनिवार काही आला नाही. वादळ झालं नव्हतं, जहाजाची फळी कुठं लागली नाही, शिडाचा तुकडा मिळाला नाही. वर्ष झालं तशी बाकीच्या तिघांच्या घरी वाडवडिलांच्या ताटाला त्यांची नावं घेतली गेली. आयोनीनं ऑल्विनचं घेतलं नाही.

हे ताट म्हणजे गेलेल्यांचं जेवण. घरात मेजवानी निघाली की संध्याकाळी आतल्या खोलीत टेबलावर पांढरं कापड घालतात, त्यावर गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात, एकेकाचं नाव हाक मारल्यासारखं घेतात आणि दार लोटून बाहेर येतात. त्या जेवणात मीठ घालत नाहीत. मीठ जिवंत माणसांचं. मिठाला मेलेली माणसं शिवत नाहीत. आणि ज्याचं नाव एकदा त्या ताटावर घेतलं, त्याची कुणी वाट बघत नाही.

गावात कुजबुज व्हायची की ऑल्विन बुडाला नाही, दुसरीबरोबर राहतो. कुणाला तो कुरसावच्या बाजारात दिसला, कुणाला त्रिनिदादच्या धक्क्यावर. दुसरी बाई असती तर असल्या बातमीनं जळून गेली असती. आयोनी मात्र बातमी आणणाऱ्याला बसवून खाऊ घालायची. एकदा तर दोन शेळ्या विकून ती त्रिनिदादला गेली आणि तीन दिवस धक्क्यावर बसून आली. तो माणूस भेटला. टोपी तेवढी ऑल्विनसारखी होती. "असू दे की दुसरीबरोबर," ती म्हणायची. "श्वास घेतोय ना? मग झालं."

यंदा मात्र ऑल्विनची थोरली बहीण एस्टिमी तिच्या दारात येऊन उभी राहिली. एस्टिमीला स्वप्नं पडतात आणि ती खरी निघतात, हे गावाला ठाऊक आहे. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन जेवायला मागतं आणि मागितलं की द्यावं लागतं, त्यात सबब चालत नाही.

"आला होता," एस्टिमी म्हणाली. "भूक लागलीय म्हणाला."

आयोनी दारात कोथिंबीर निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "कुणाच्या स्वप्नात?"

"माझ्या."

"एकोणीस वर्षं मी उशाशी दिवा ठेवून झोपते. एकदा, एकदासुद्धा आला नाही. आणि तुझ्याकडे जेवायला येतो? तुझ्या हातचं तर त्याला कधी गिळवलं नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आलेय. शनिवारी माझ्या घरी ताट मांडतेय. आईचं, बापाचं आणि त्याचं. कूकू तू करायचंस."

"त्याचं मांडू नको."

"आयोनी, माझा भाऊ उपाशी आहे."

भूक म्हटलं की आयोनीची सगळी हत्यारं गळून पडतात. ती म्हणाली, करते. मग आठवडाभर गॉडफ्रीपासून कोंबड्यांपर्यंत ज्याच्यात्याच्यावर खेकसत राहिली.

शनिवारी हॉटेलात सहा माणसांची ऑर्डर होती. इंग्लंडहून आलेलं एक म्हातारं जोडपं, त्यांची मुलगी, जावई, नातवंडं, जेवण साडेतीनला. आयोनीनं ठरवलं, दोन्ही कामं एकाच चुलीवर उरकू. डावं भांडं पाहुण्यांचं, उजवं ताटाचं. नारळाचं दूध दोन्हीकडे सारखं ओतलं. आता डाव्यात मीठ घालायचं, उजव्यात नाही. यात चुकण्यासारखं काय आहे? गॉडफ्रीलासुद्धा जमलं असतं.

पण उजव्या भांड्यात दांडा फिरवायला लागली आणि ती हॉटेलात राहिलीच नाही. एकोणीस वर्षांनी ती त्याच्यासाठी रांधत होती. भेंडी त्याला बारीक लागायची, तिनं बारीक चिरली होती. पीठ त्याला सैल आवडायचं, तिनं सैल ठेवलं. जेवताना तो बोलायचा नाही, नुसता मान हलवायचा, आणि पहिला घास घेतल्यावर ती मान हलेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. तिला ते सगळं इतकं हवंसं झालं की डोळे भरून आले आणि चुलीच्या धुराला तिनं दोन शिव्या घातल्या. गॅसची चूल ती, तिला कुठला धूर?

गोळे फिरवून झाले. ताटाचे तीन गोळे पांढऱ्या फडक्याखाली झाकले, पाहुण्यांचे टेबलावर गेले.

अर्ध्या तासानं गॉडफ्री आत आला. "टँटी, बाहेर ये. म्हातारा तुला भेटल्याशिवाय जात नाही म्हणतो."

म्हातारा खरंच उभा राहिला होता. तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "बाई, पंधरा दिवस झाले आम्ही बेटं हिंडतोय. डॉक्टरांनी मला मीठ बंद केलंय. प्रत्येक हॉटेलात सांगतो, कुणी ऐकत नाही. तुम्ही न सांगता ओळखलंत. कूकूत कणभरसुद्धा मीठ नाही! मीठ काय ते कालवणात, पण कूकू तर मी तीनदा घेतलं."

म्हातारी हसून म्हणाली, "जावयानं वरून घेतलं हो. पण यांचं समाधान बघा."

आयोनीनं हात सोडवून घेतले. काहीतरी बोलली असेल. काय, ते तिला आठवत नाही. आत आली, फडकं उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण रांधलेल्या पदार्थाची चव घेतली.

खारट. नेमकं, ऑल्विनला लागायचं तेवढं.

ती स्टुलावर बसून राहिली. मेलेल्यांचं जेवण इंग्लंडच्या म्हाताऱ्यानं तीनदा मागून खाल्लं होतं, आणि मेलेल्यांसाठी तिनं जिवंत माणसाचं जेवण केलं होतं. तेवढ्यात मागच्या दारानं एस्टिमी आली, न्यायला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात मोठी परात.

"झालं?"

"मीठ पडलं."

"कशात?"

"त्याच्यात."

एस्टिमीनं परात आदळली. "तीस वर्षं कूकू घोटतेस आणि आजच हात चळला? आता कुठून आणू दुसरं? दुकान बंद, पीठ संपलं, ऊन उतरायला लागलं. ढोलवाले येऊन बसलेत माझ्या अंगणात!"

"हात चळला नाही," आयोनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात एकदम बळ आलं. "हाताला कळतं, एस्टिमी. तो मेलेला नाही म्हणून मीठ पडलं. तुझं स्वप्न खोटं आहे. आईबापाला फळं ठेव, भात ठेव. त्याचं नाव घेऊ नको."

"खोटं?"

"कूकू मागितलं म्हणे! या बेटावर कूकू कोण मागत नाही?"

"कूकू मागितलं असं मी कधी म्हटलं?" एस्टिमी पुढे झाली. मग जरा घुटमळली, लाज वाटल्यासारखी. "त्यानं भलतंच मागितलं. मला सांगायला कसंतरी वाटलं. गेलेल्या माणसाला कुणी असलं वाढतं का? म्हणून मी आपलं कूकू म्हटलं."

"काय मागितलं?"

"खरवड."

आयोनीनं एकदम मान वर केली.

"भांडं मागत होता. म्हणाला, भांडं घासू नको, तळची खरवड मला दे. मी म्हटलं, ऑल्विन, वेड लागलंय का तुला? आईनं थोबाडीत मारली असती. आमच्या घरी खरवड डुकराला घालायचे."

आयोनीच्या घरी ती डुकराला मिळत नसे. सगळीकडे निजानीज झाली की ऑल्विन रिकामं भांडं घेऊन मागच्या उंबऱ्यावर बसायचा, गुडघ्यांत धरायचा आणि चमच्यानं तळाची करपट खरवड काढून खायचा. आईला कळलं तर हसेल म्हणून त्यानं बायकोला शपथ घातली होती, आणि तिनं ती पाळली होती. बेटावर हे फक्त दोघांना माहीत होतं.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर तिला कळलं होतं.

"त्यानंच," एस्टिमी म्हणाली.

मग आयोनी रडली. हातांत तोंड लपवून नाही, मोठ्यानं, उघड्या तोंडानं, एकोणीस वर्षांचं. बाहेर पाहुण्यांचे चमचे थांबले आणि गॉडफ्रीनं लगबगीनं रेडिओ लावला. एस्टिमी तिला धरून उभी राहिली. तिचा तर भाऊच तो.

"माझ्याकडे का नाही आला?" आयोनी हुंदक्यांतून म्हणाली. "माझ्या घरचा माणूस. मला एकदा नुसता दिसला असता."

"कसा येईल? तू त्याला जिवंत ठरवून बसलीस. जिवंत माणूस दारानं येतो, आयोनी. स्वप्नानं यायला आधी त्याला जाऊ द्यावं लागतं."

बराच वेळ आयोनी नाक ओढत राहिली. मग उठली. मोरीत पाहुण्यांचं भांडं पडलेलं होतं, गॉडफ्रीच्या आळसाला शंभर वर्षं आयुष्य लाभो, अजून कोरडंच. तळाला खरवड धरली होती, तांबूस, कडेनं करपलेली, बिनमिठाची. तिनं चमचा घेतला आणि बसून, घाई न करता, सगळी काढली. बशीभर निघाली.

ऊन कलताना एस्टिमीच्या आतल्या खोलीत पांढऱ्या कापडावर आईबापासाठी भात, तुरीचे दाणे, फणस आणि केळी मांडली होती. शेजारी खरवडीची बशी. एस्टिमीनं आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं आणि बाजूला सरली; नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं असतं. आयोनीनं बशी जरा पुढे सरकवली. मग तिनं हाक मारली, परसातून मारायची तशीच, चढ्या सुरात आणि थोडी वैतागून. "ऑल्विन! ये, जेवून घे!"

दार लोटून दोघी बाहेर आल्या. अंगणात ढोल सुरू झाले होते, बायका फेर धरत होत्या, कुणीतरी आयोनीच्या हातात पेला दिला. तिनं तो एस्टिमीला दिला.

"कुठं निघालीस? आत्ता तर नाच सुरू झालाय."

"घरी."

"एवढ्या उजेडात घरी काय करणार आहेस?"

"झोपते," आयोनी म्हणाली, आणि पोरीबाळींच्या घोळक्यातून वाट काढत लगालगा निघाली.