बाईनं सांगतलं, कोणाले सांगू नोको

माझी माय तीस वर्षं सरकारी नर्स होती. दवनीवाड्याच्या उपकेंद्रात राहून आजूबाजूच्या गावांतल्या घराघरांतलं तिला ठाऊक झालं होतं, आणि तिच्या तोंडून त्यातलं अक्षरही कधी बाहेर पडलं नाही. लहानपणी मी खोदून खोदून विचारायचो. "पोट दुखत होतं तिचं," एवढंच उत्तर मिळायचं. बाई कोणीही असो, तिचं पोटच दुखत असायचं.

निवृत्त झाल्यावर ती सौंदडच्या आमच्या घरी एकटी राहू लागली. मी बायकोसोबत गोंदियाला होतो, बहीण पुण्याला. बहिणीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा मायचं पुण्याला जायचं ठरलं. तिकीट मी काढतो म्हटलं, तर ती म्हणाली, "पोरीकडं मी माझ्या पैशानं जाईन. माझ्या कार्डावर काढ." तिनं कार्डावरचे सगळे आकडे मला फोनवर वाचून दाखवले. ते सांगू नको असं तिला तोवर कोणी बजावलं नव्हतं.

मी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसलो. सगळं भरलं, शेवटी बँकेचा कोड मायच्या फोनवर जाणार होता. तो गेलाच नाही. तिच्या साध्या फोनमधली मेसेजची पेटी काठोकाठ भरलेली होती. जुने पुसून टाक म्हटलं तर ऐकेना.

"बँकेचे कागद फाडत नसतात बाबू."

"माय, ते कागद नाही. त्यातले अर्धे गाण्याच्या जाहिराती आहेत."

"असू दे. आले आहेत ना माझ्या नावानं."

तेवढ्यात मला पडद्यावर खाली एक ओळ दिसली : मेसेज मिळाला नसेल तर कोड फोनवर ऐका. मी खूश होऊन ते दाबलं. दोन मिनिटं थांबलो आणि मायला फोन लावला.

"आला का फोन?"

"आला. हिंदीतली बाई होती. मी जयभीम म्हटलं तर उत्तर नाही दिलं तिनं. पण आकडे सुदे, साफ सांगतले, दोनदा सांगतले. मी लिहून घेतले."

"सांग मग."

"कायले?"

"अवं, मले टाकाचे आहेत ते."

"बाईनं सांगतलं, कोणाले सांगू नोको."

"मी कोणी आहो का?"

"कोणी म्हणजे कोणी," माय म्हणाली. "तिनं असं नाही म्हटलं का पोराले सोडून."

कोडाची दहा मिनिटांची मुदत वाद घालण्यातच संपली. मी पुन्हा फोन मागवला. पुन्हा बाई आली, पुन्हा माय अडली. वर मलाच म्हणाली, "ते बाई तिकडं कामावर बसून बजावून राहिली, आन् तू तिचं ऐकू नोको म्हणून राहिला. काऊन?" ती बाई नाही, मशीन आहे, हे मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मशीनले एवढी अक्कल आहे, तर मले काऊन नसावी?"

दुसऱ्या दिवशी मी वाह्यातपणा केला. माझी बायको गोंदिया शहरात वाढलेली, तिचं हिंदी कोणत्याही मशीनला लाजवेल असं. मायला कोडाचा फोन येऊन गेला की लगेच बायकोनं शेजारणीच्या फोनवरून लावायचा, असं आम्ही ठरवलं. बायकोनं नाकातून आवाज काढला.

"नमस्कार. बँक से बात कर रहे हैं. आपको जो कोड मिला है, कृपया दोहराइए."

मी कान लावून उभा. पलीकडून मायनं शांतपणे एकेक आकडा सांगितला. बायकोनं तळहातावर लिहिला. फोन ठेवता ठेवता माय म्हणाली, "धन्यवाद मॅडम. आन् सर्दी झाली असन तर आलं-तुळशीचा काढा घे, सूनबाई."

आम्हाला हसू आवरेना. आकडे मात्र घाईनं टाकले. चुकीचे निघाले. पुन्हा टाकले, उलटसुलट टाकले. तिसऱ्यांदा पडद्यानं सांगितलं की आता हे कार्ड दिवसभर बंद. मायनं मनातले आकडे ठोकून दिले होते.

शेवटी मी सौंदडला गेलो आणि तिला घेऊन तिच्या बँकेच्या शाखेत गेलो. तिथला साहेब तरुण आणि सोशीक होता. मेसेज नको असेल तर ईमेलवर कोड येतो, म्हणाला. मायकडं ईमेल नव्हता. मग त्यानं आकड्यांच्या चौकटींचं एक छापील कार्ड दाखवलं. पडदा तीन अक्षरं विचारतो, त्या अक्षरांखालचे आकडे टाकायचे. फोन नाही, बाई नाही.

मला वाटलं, सुटलो. मायनं कार्ड उलटंसुलटं केलं, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं बोट ठेवून वाचली. मग साहेबाला विचारलं, "हे इथं लिहिलं आहे, कोणाले दाखवू नका. पोराले चालते का?"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. "नियमानं नाही चालत, मावशी."

"पाहा," माय मला म्हणाली.

कार्ड तिनं ब्लाउजमध्ये खोचलं आणि दोन दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरनं स्वतःच गोंदियाला आली. दुकानात येऊन माझ्या खुर्चीवर बसली. बायकोनं नाव, वय, गाडी सगळं भरलं. माय तिच्या कानाशी काहीतरी सांगत होती. मग आम्हा दोघांना तिनं भिंतीकडं तोंड करायला लावलं. त्या वेळी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकालाही लावलं. तोही बिचारा पिशवी धरून निमूटपणे कॅलेंडर पाहत राहिला. मागून एका बोटानं टकटक चाललेलं ऐकू येत होतं. मध्येच ती म्हणाली, "हे मेलं झेड कार्डावर कुठं आहे?" बायको वळू लागली तशी म्हणाली, "नोको नोको, सापडलं."

तिकीट निघालं. मी कागद हातात घेतला तर त्यावर दोन नावं, मायचं आणि बायकोचं.

"हे काय?"

"बाळंतिणीच्या घरी कामाले हात पाहिजे," माय म्हणाली. "आन् हे पोरगी हुशार आहे. फोनवर सुदं बोलते."

बायको कॅलेंडरकडं तोंड करूनच हसत होती.

"आन् मी?"

"तुले भात येते ना लावता," माय म्हणाली आणि कार्ड पुन्हा ब्लाउजमध्ये खोचलं.