बिनशेवटाच्या फिल्मा

आमच्या मावसभावाइतका चांगल्या दिवसाचं वाटोळं करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. पोटापाण्यासाठी तो लग्नांचं शूटिंग करतो, पण त्याचा कॅमेरा वरातीवर कमी आणि मांडवामागे डोळे पुसणाऱ्या नवरीच्या आईवर जास्त. "आमचे पुढारी पाव्हणे कामून दिसनात रे यात?" म्हणून एक वरबाप भांडायला आला होता. "त्यांना रडू येत नव्हतं," हा शांतपणे म्हणाला. उरलेल्या वेळात तो फिल्मा काढतो. हुंडा, जात, दारू, म्हणजे आपण जेवताना टाळतो ते सगळे विषय. आणि ऐन रंगात आली की फिल्म संपते. पहिल्यांदा लोकांना वाटलं, लाईट गेली! एका पुढाऱ्यांनी सुचवलं, "शेवटी समाजाला एखादा संदेश टाका." "तुमीच सांगा, कोणता टाकू?" पुढाऱ्यांनी बराच वेळ विचार केला आणि चहा मागवला.

गेल्या साली त्यानं तलवाड्यात देवळासमोर पडदा बांधून पोरींच्या कोवळ्या वयातल्या लग्नांवरची फिल्म दाखवली. ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडी धरतो. त्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात, म्हणून हंगामाच्या तोंडावर कोयते जुळवायला लग्नं उरकली जातात. शिवाय वयात आलेली पोर गावात एकटी ठेवायची भीती असतेच. फिल्म संपली आणि त्याची सख्खी बहीणच उभी राहिली. ती आणि तिचा नवरा दर साल तोडीला जातात, पोरगी नववीत.

"दादा, लई खरं दाखवलंस. आता सांग, आमी कारखान्यावर गेल्यावर हिला कुठं ठिवू?"

"माझ्याकडं ठिव."

"तुझ्या घरात दुसरं माणूस हाय का? तू आज हितं, उद्या परळीला."

हा खाली बघत राहिला. असे खाली बघणारे बाप त्याच्या फिल्मांत पुष्कळ आहेत.

दसऱ्याच्या आधी बहिणीनं पोरीचं लग्न ठरवलं आणि याची झोप उडाली. तक्रारीचा फोन लावावा तर बहीण चौकीच्या दारात, न लावावा तर भाचीच्या हातात कोयता. मला विचारलं, तर मी म्हणालो, तुझं तू बघ. यापेक्षा जास्त अक्कल माझ्याकडे नव्हती. हळदीच्या सकाळी त्यानं फोन लावला. अधिकारी आले, समज दिली, लग्न थांबलं. बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं आणि पोरीला सोबत तोडीला न्यायचं ठरवलं.

ट्रॅक्टर निघाला त्या सकाळी आम्ही दोघं उमापूरच्या रस्त्यावर उभे होतो. कॅमेरा त्यानं आणलाच नव्हता. बहिणीनं तोंड फिरवलं. बोचक्यांवर बसलेली भाची तेवढी वाकून म्हणाली, "मामा, शाळेत माझं नाव कमी करतील का?"

"न्हाई गं. कोणी न्हाई करत."

इतक्या पटकन त्यानं कुणाला उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ट्रॅक्टर दिसेनासा झाला, मागची धूळ बसली, तरी तो हलेना. मला फार वाईट वाटत होतं.

"खोटं बोललो का रे मी?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.