गवत झोपलंय!

आमच्या सार्वजनिक मैदानाच्या माळ्याचं खरं आडनाव आता त्याच्या सासुरवाडीलाही आठवत नसेल. सगळे त्याला हाकलकर म्हणतात. हे आडनाव बापाकडून आलेलं नाही, त्यानं स्वतःच्या कष्टानं कमावलंय.

मैदानावरची हरळी त्यानं पोटच्या पोरीसारखी वाढवली. सकाळी पाइपानं पाणी, मग रूळ, मग गुडघे टेकून तण उपटणं. फक्कीच्या पांढऱ्या रेषा अशा आखायचा, की बघणाऱ्याला वाटावं, आता सामना सुरू होणार. तो मात्र कधीच सुरू व्हायचा नाही. कोणी चेंडू घेऊन फाटकाशी दिसला रे दिसला, की हा पाइप रोखून धावायचा. "आज पाणी दिलंय!" उद्या, "खत टाकलंय!" परवा, "गवत झोपलंय!" गवत झोपतं हे मला साठी उलटल्यावर कळलं.

शेवटी खेळणारी मंडळी कंटाळून गोदामामागच्या बोळात गेली. हाकलकरची बायको सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायची, "घरात चिखलाचे पाय घेऊन फिरतात, आणि तिथे मुंगीलाही पाय पुसायला लावतात!"

एके दिवशी नगरपालिकेच्या बाई पाहणीला आल्या. मैदानांचा खर्च मंजूर करणं त्यांच्या हातात. हिरवळ बघून त्या हरखल्याच.

"वा! इथे खेळतं कोण?"

हाकलकरची छाती फुगली. "कुणाची टाप आहे? एक पाऊल पडू देत नाही मी!"

बाईंचा चेहरा बदलला. "खेळत नसतील, तर पालिकेनं पैसे कशाला घालायचे? गाड्या उभ्या करायला जागा हवीच आहे. रविवारी परत येते. तेव्हाही असंच दिसलं, तर पुढच्या वर्षी पाणी बंद, माळीही बंद."

हाकलकर घरी आला तो पडक्या चेहऱ्यानं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "आता बसलात का डोकं धरून? ज्यांना हाकललंत, त्यांनाच बोलवा जा!"

खेळणाऱ्यांचा कप्तान म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला. हाकलकर दुकानात शिरला, तेव्हा मी तिथे दाढीला बसलो होतो. अर्धी झाली होती, पण असली मजा सोडून कोण उठतो?

"या काका," सलूनवाला म्हणाला. "आज वाट चुकलात? डोक्यावर केस नाहीत म्हणून तुम्ही इथे येत नाही, आणि आम्हाला तिथे येऊ देत नाही. आपलं नातंच काय?"

"रविवारी खेळायला या रे सगळे."

"गवत उठलं वाटतं?"

"अरे, गाड्या लावणार आहेत तिथे!" हाकलकरचा आवाज चिरकला. सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा थांबला. थट्टा बाजूला ठेवून तो म्हणाला, "येतो. पण गोलमध्ये तुम्ही उभं राहायचं."

रविवारी सगळी फौज आली. कोणी घसरलं, की हाकलकर कळ आल्यासारखा "आई गं!" करायचा. पडणारा गप्प, ओरडणारा हा. तेवढ्यात गोलासमोर कुणाच्या तरी बुटानं गवताचं एक ढेकूळच उपटलं. हाकलकर ते जागच्या जागी दाबायला वाकला, आणि चेंडू त्याच्या पाठीवरून थेट जाळ्यात!

फाटकातून टाळ्या आल्या. बाई उभ्या होत्या.

"हे रोज खेळतात?"

सलूनवाला बेधडक 'हो' म्हणणार होता. पण हाकलकर हातातलं ढेकूळ सांभाळत उठला. "नाही बाई. मीच येऊ देत नव्हतो. आजपासून रोज."

बाईंनी चिखलानं माखलेलं मैदान पाहिलं, मग चिखलानं माखलेला माळी पाहिला. "रोज एवढी झीज होणार असेल, तर माळी ठेवायलाच हवा. आणि पाणीही."

आता गोलासमोर सतरंजीएवढं टक्कल पडलंय. हाकलकर ते आल्यागेल्याला बोट करून दाखवतो, "यानं मैदान वाचवलं!" बायको म्हणते, "एका टकलानं घालवलं, दुसऱ्यानं राखलं."

आणि संध्याकाळी मंडळींना जरा उशीर झाला, की तो स्वतः फाटकात येऊन सलूनच्या दिशेनं ओरडतो,

"अरे या की लवकर! गवत कधीचं जागं झालंय!"